तुमच्याच गावची लेक

वडशाला आमचं घर भाताच्या गिरणीच्या मागच्या अंगाला होतं. गिरणी चालू असली की आम्ही गाढ झोपत असू. ती बंद पडली की सगळ्यांना एकदम जाग यायची आणि आई विचारायची, "काय झालं जी?" बाबा गिरणीत मिस्त्री होते, त्यामुळे प्रश्न त्यांनाच असायचा, आणि उत्तर द्यायच्या आत ते चप्पल शोधायला लागलेले असायचे. कोंडा सगळीकडे होता. वाळत घातलेल्या लुगड्यावर, उतरंडीवर, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेवर, आमच्या भुवयांत. ती काच आई रोज पदरानं पुसायची आणि रोज गिरणीला शिव्या द्यायची. रेल्वेचं फाटक जवळच होतं, पण गाडीच्या शिटीकडे आमच्या घरात कुणाचं लक्ष जात नसे. जेवायला लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. बाजाराच्या दिवशी झिंग्यांची चटणी, आणि कोचईची, म्हणजे अळूची, पानं मिळाली तर त्यांच्या वड्या. आई त्या वड्या तळायच्या आधी मोजून ठेवायची, कारण रत्नामावशी चालता-बोलता उचलून तोंडात टाकायची आणि वर मांजराचं नाव सांगायची. आमच्याकडे मांजर नव्हतं.

रत्नामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दिवाळी झाली, धान निघालं की ती आपली पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे यायची आणि उन्हं तापेपर्यंत राहायची, कारण ती झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची आणि नाटकवाल्यांच्या कंपन्यांची ऑफिसं सगळी वडशाला. गावोगावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, आणि बैलांच्या शंकरपटाला नाटक लागतंच. गावातले जाणते लोक वडशाला येऊन कंपनी ठरवून जातात. मावशीचं पाठांतर आमच्या ओट्यावर चालायचं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणायची, "नराधमा, सोड मला!" आणि आई चुलीपुढून, फुंकणी खाली न ठेवता, नराधमाचं वाक्य म्हणायची. पहिल्या वर्षी शेजारचे दोघं काठ्या घेऊन धावत आले होते. पुढे पुढे त्यांनाही वाक्यं पाठ झाली.

मावशीला नवऱ्यानं लग्नाच्या वर्षीच सोडलं होतं. ती माहेरी, पिंपळटोल्याला परत आली, तेव्हा माझ्या मामानं तिला सांगितलं की दोन वेळचं जेव आणि कोपऱ्यात गप्प बस. गप्प बसणं मावशीला जमण्यासारखं नव्हतं. ती एका कंपनीबरोबर निघून गेली. मग मामानं निरोप पाठवला की आता गावात पाय ठेवू नको, आणि गावानंही मान डोलावली. तीच माणसं दरवर्षी मंडईत पुढं पोतं अंथरून नाटक बघत होती, नाटकातल्या सोशिक बाईसाठी डोळे पुसत होती. ह्या गोष्टीचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आज, डोक्याचे सगळे केस पांढरे झाल्यावरही, तो कमी झालेला नाही. माझी भाची म्हणते, आत्या, बीपी वाढेल. वाढू दे.

मी बारावी झाले होते आणि डीएडला नंबर लागायची वाट बघत घरी होते. माझं शुद्धलेखन चांगलं म्हणून बाबांनी मला नामदेवभाऊंच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला धाडलं. नामदेवभाऊंचा छापखाना होता आणि नाटक कंपनीही होती. मावशी त्यांच्याच कंपनीत. बुटका, तरतरीत माणूस. कानात अत्तराचा फाया, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. नाटकाची पत्रकं ते स्वतः लिहायचे, स्वतः छापायचे आणि जीपवर भोंगा बांधून गावोगाव स्वतःच पुकारायचे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पुढं नागपुरात जाहिरातीच्याच धंद्यात माझं आयुष्य गेलं, सुटाबुटातले कितीतरी शहाणे भेटले, पण लिहायला मला नामदेवभाऊंनीच शिकवलं, हे कबूल करायला पाहिजे. त्यांच्यावर माझा राग आहे तो त्यांना येत होतं म्हणून आहे. ज्याला काही येत नाही त्याच्यावर कोण कशाला रागावेल?

पहिल्यांदा त्यांनी मला एका नाटकाचं पत्रक लिहायला दिलं. मी लिहिलं, "सदर नाटक सामाजिक असून त्यात हुंड्याचा ज्वलंत प्रश्न मांडला आहे. तरी रसिकांनी लाभ घ्यावा." त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि खर्रा थुंकून आले.

"शालू, हे जाहिरात होय का तहसीलची नोटीस? लाभ घ्यावा म्हणते! रेशनचं रॉकेल वाटून राह्यली काय?"

"मंग काय लिहू, भाऊ?"

"तू सांगून राह्यली. बोलावून नाई राह्यली. माणूस घरी जेवून बसला आहे, गोधडी अंगावर आहे, बाहेर थंडी पडली आहे. त्याले उठवायचं आहे तुले. का म्हणून उठन तो?"

असं त्यांचं शिकवणं. पत्रक कुणी मनातल्या मनात वाचत नाही, पानठेल्यावर एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात, म्हणून डोळ्यांसाठी लिहू नको, कानासाठी लिही. एका दमात म्हणता येईल एवढंच वाक्य ठेव; भोंग्यात दम लागला की कुत्रीसुद्धा ऐकत नाहीत. नाटकातला शेवट कधी सांगू नको, पण शेवटाच्या आधीचं संकट जरूर सांग. 'महिलांसाठी स्वतंत्र बैठक' ही ओळ सगळ्यात मोठ्या टायपात टाक, कारण नाटकाला जायचं की नाही ते घरातली बाई ठरवते, पुरुषाला फक्त आपण ठरवलं असं वाटत असतं. मी ऐकत होते आणि हाताला काळी शाई लागत होती. मला ते काम आवडायला लागलं. एखादी ओळ जमली की भाऊ टेबलावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हे उठवते!" त्या शब्दासाठी मी दुपारचं जेवण विसरायची.

मग एके दिवशी मुद्रितात मला 'कु. मोनिका' दिसली. पुण्याची सुप्रसिद्ध तारका कु. मोनिका, खास आग्रहास्तव आपल्या भेटीला. खाली भूमिकेचं नाव होतं, आणि ती भूमिका तर आमच्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता पाठ होत होती.

"भाऊ, हे मोनिका कोण होय?"

"तुझी मावशी."

"मावशी पुण्याले कधी गेली?"

"जाईन कधीतरी. आपण पयलेच छापून ठेवलं."

ते हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं होतं, यंदाच काहीतरी नवीन काढलंय. जुन्या पत्रकांचा गठ्ठा उघडून बघितला तर मावशी कितीतरी हिवाळे मोनिका होती. आमच्या झाडीतली बाई गुडघाभर चिखलात भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, करता करता गाते, रडते, नक्कल करते, सासूची आणि पाटलाची अशी नक्कल की बांधीतल्या, भातखाचरातल्या बाया पोट धरून बसाव्यात, आणि त्याला कुणी कला म्हणत नाही. तिच्यापुढं पुणं लिहिलं की ती तारका होते. लग्न झालेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या बाईला ह्यांनी कुमारी करून टाकलं होतं आणि तिचं नाव, जे तिला तिच्या बापानं दिलं होतं, ते कागदावर कुठंच नव्हतं. मी तणतणत घरी गेले.

मावशी शांत होती. "अवं, मोनिकाचं बरं आहे," ती म्हणाली. "लोकं शिव्या देतात त्या मोनिकाले देतात. रत्ना इथी बसली असते तुझ्या मायची कोथमिर निवडत."

हे तिनं अशा सहजपणे म्हटलं की मला आणखीनच राग आला. पण त्याच आठवड्यात पिंपळटोल्याची माणसं भाऊंकडे येऊन नाटक ठरवून गेली. मी घरी येऊन सांगितलं. मावशीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं आणि म्हणाली, "शालू, तिथी मोनिका नोको. माझ्या बापाच्या, मारोतीच्या गावात मी माझ्याच नावानं जाईन. नाई तर जाणारच नाई."

आई चुलीपुढून उठली. तिनं ताटं मांडली आणि त्या दिवशी मावशीच्या ताटात वड्या न मोजता वाढल्या.

भाऊंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी खर्रा चोळत विचार केला. मोनिका पिंपळटोल्याला चालणार नाही हे त्यांनाही पटत होतं, पण वेगळ्या कारणानं. तिथं सगळे मावशीला ओळखणार, मग मंडप पेटवून देतील. "मंग नावच गाळतो," ते म्हणाले. "आणि इतर कलावंत, असं टाकून देतो."

"तीन अंक ते बाई एकटी ओढते आणि ते इतर?"

"गावची पोट्टी पाहाले कोण येईन व? ते तर गावानं पाहून ठेवली आहे."

"पाहून ठेवली नाई, हाकलून ठेवली आहे," मी म्हणाले. मी त्यांच्यापुढं एवढ्या आवाजात पहिल्यांदाच बोलत होते. छपाईचे खिळे जुळवणारे सुद्धा मान वर करून बघायला लागले. भाऊंनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "ठीक आहे. लिहून आण. उठवलं तर छापतो."

मी दोन दिवस लिहिलं आणि चुलीत घातलं. 'या मातीची कन्या', 'कलेचा वारसा', असलं काहीबाही. आईनं एक वाचलं आणि म्हणाली, "हे कोणाबद्दल होय?" मग चुलीपुढं बसून तिनं सांगितलं की मंडईच्या दिवसांत गावात लेकींची वाट कशी बघतात. घराघरांत सोयरे येणार असतात, पोह्यांचं धान कांडून झालेलं असतं, वडे घालायला उडीद भिजलेले असतात, आणि बाया उगीचच कामं काढून रस्त्याकडच्या अंगाला येऊन उभ्या राहतात. कुणाची तरी लेक लांबून दिसते. जिला दिसली ती ओरडते, मग बांधीतली ओरडते, मग बोडीवर, तळ्यावर धुणं धुणारी ओरडते, आणि लेक घरी पोचायच्या आत तिच्या आईला समजलेलं असतं. आई हे सांगताना आमच्या भिंतीकडे बघत होती. रत्नासाठी असं कुणी ओरडलेलं नव्हतं. मी उठले आणि एका दमात लिहिलं, आमच्या बोलीत, जशी आई बोलली तसं:

"पिंपळटोल्याच्या आयाबायांनो! अवं, कोण येऊन राह्यलं पाहा! जे तुमच्या संगं रोवण्यात गायली, तुमच्याच बोडीत पोहणं शिकली, ते मारोतीची रत्ना येऊन राह्यली! लय दिवसांनी येऊन राह्यली. तुमच्याच गावची लेक आहे. बोलायचं नसन तं नोका बोलू, पाहाले तं या!"

भाऊंनी वाचलं. "हे पत्रक होय का घरचं बोलणं?" असं म्हणाले, पण ओठ हलवत पुन्हा वाचलं. भोंग्यातून तोवर कुणी झाडीतल्या माणसाशी झाडीतलं बोललेलं नव्हतं. भोंगा म्हणजे 'मायबाप रसिकहो' आणि 'प्रचंड यशानंतर'. दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये मागं बसले आणि ते पिंपळटोल्यात शिरता शिरता पुकारायला लागले. पहिल्या घरातून एक बाई हातात सूप घेऊनच बाहेर आली. मग दुसरी आली. चौकात एका म्हातारीनं जीपच्या पुढं उभं राहून गाडी थांबवली आणि म्हणाली, "कोणती रत्ना? मारोतीची? आपल्या मारोतीची?" तिच्या मागं आणखी बाया उभ्या. जीप पुढं जाईना. भाऊ मागं वळून माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडातला खर्रा चावायचा राहिला होता.

नाटकाला अख्खा गाव आला. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. कंपनीची गाडी निघायला तयार होती आणि मावशी सापडत नव्हती. तिला घराघरांतून ओढत नेत होते. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी वडे, तिसऱ्या घरी उकडलेले शिंगाडे. कुणी लुगडं दिलं, कुणी फक्त तिच्या हाताला धरून बसलं. मामा नाटकाला आला नव्हता. पण मामी दारात पाण्याचा गडवा घेऊन उभी होती, आणि मामा आत बाजेवर दोर वळत बसला होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "जेवून जाय." मावशी जेवली. पोटात जागा नव्हती तरी दोनदा भात घेतला.

इथवरची गोष्ट मी पुढं धंद्यातल्या लोकांना सांगायची, आणि ते टाळ्या वाजवायचे. ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोला, असा त्यातून धडा काढायचे. पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण त्यांनी त्यातूनही धडा काढला असता.

वडशाला परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी छापखान्यात मला माझंच पत्रक पुन्हा जुळवलेलं दिसलं. 'आयाबायांनो' होतं, रोवणा होता, बोडी होती. फक्त पिंपळटोल्याच्या जागी कोरी शिशाची पट्टी होती. मारोती गेला होता. रत्नाही गेली होती. तिच्या जागी होतं, 'नाव-गाव बदलून गेलेली तुमचीच लेक'.

"हे काय होय, भाऊ?"

"गाव बदललं की नाव भरायचं. लय चांगली ओळ आहे शालू, एकाच गावावर वाया काऊन घालवू?"

"पण मावशी तिथची नाई! लोकं ओळखतीन ना, हे आपली नाई म्हणून."

भाऊ मला समजावायला लागले. तोच आवाज, ज्यानं मला कानासाठी लिहायला शिकवलं. "असं पाहा. प्रत्येक गावातून एखादी पोट्टी गेलेली असतेच. कोणी पळून गेली, कोणाले हाकललं, कोणी कामाले गेली ते आलीच नाई. आपण नाव सांगायचं नाई. ज्याची त्यानं भरून घ्यावी. तो येईनच पाहाले. उठवते का नाई सांग!"

आज माझ्या फोनवर रोज सकाळी निरोप येतो, 'प्रिय शालिनीताई, आम्हाला तुमची काळजी वाटते', आणि खाली गुडघ्याच्या तेलाची बाटली. प्रियच्या पुढची ती रिकामी जागा मला लगेच ओळखू येते, कारण मी ती शिशात बघितलेली आहे. भाची म्हणते ह्याला आपलेपणा निर्माण करणं म्हणतात, त्याचं शिक्षण मिळतं. आपलेपणा निर्माण करतात! आणि कुणी मला म्हणालं की ओळ तुझीच होती ना, तर माझं उत्तर तयार आहे. ओळ माझी होती आणि खरी होती. खोटं त्यांचं होतं. त्यांच्या पापाची पाटी मी माझ्या डोक्यावर घेणार नाही.

मी घरी सांगितलं. मावशी तशीच उठून छापखान्यात गेली आणि असलं पुकारलं तर पेटी उचलीन म्हणाली. भाऊंनी अत्तराच्या फायाला हात लावून शपथ घेतली. मावशीचा भरवसा बसला नाही. त्यानंतर एटापल्लीच्या अंगाला, जंगलाला लागून असलेल्या एका बाजारगावात नाटक होतं. आमच्या कंपन्या एवढ्या लांब फारशा जात नसत. मावशी मला म्हणाली, "तू संगं चाल. तो काय पुकारते ते आयकाले." आईनं दोघींच्या भाकरी बांधून दिल्या. पण भोंग्याची जीप दोन दिवस आधीच तिथल्या बाजारात फिरून आली होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा पुकारायचं ते पुकारून झालं होतं.

दुपार होती. मंडपाचे खांब रोवणं चाललं होतं. एका बाजूला कंपनीचा भात शिजत होता. खांबाजवळ एक म्हातारी बसली होती. जंगलातल्या गावची, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातांवर आणि पायांवर गोंदण, पुढं पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी. सकाळपासून बसली आहे, असं खांब रोवणारे म्हणाले. तिची भाषा गोंडी, मराठी मोडकी. मावशी गाडीतून उतरली तशी ती उठून उभी राहिली.

"भोंग्यानं सांगतला," ती म्हणाली. "पोर आली म्हणून. माझी चिन्नी."

थोडं थोडं करून समजलं. तिची लेक चिन्नी मिरची तोडायला टेम्पोनं तेलंगणात गेली होती. बरोबरच्या परत आल्या, ती आली नाही. ठेकेदार म्हणाला, येईल. मग म्हणाला, दुसरीकडं कामाला लागली. मग तो ठेकेदारही यायचा बंद झाला. आणि परवाच्या बाजारात भोंगा म्हणाला होता की नाव-गाव बदलून गेलेली तुमचीच लेक येते आहे, तुमच्याच बोडीत पोहणं शिकलेली. चिन्नी पोहायला बोडीतच शिकली होती.

मी मावशीकडे बघत होते. तेवढ्यात भाऊ तिच्या कानाशी आले. हळू बोलले, पण मी शेजारीच होते. "रत्नाबाई, दोन मिनिट माय म्हणून टाका तिले. म्हातारीले दिसत नाई जास्त. खूश होऊन घरी जाईन. तुमाले तं रोज करायचंच काम आहे."

मी खूप माणसं पाहिली. खोटं बोलणारी पाहिली, लोकांच्या भीतीवर दुकान चालवणारी पाहिली. पण त्या वाक्याइतकं नीच वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दया होती.

मावशीनं त्यांच्याकडे पाठ केली. मग ती म्हातारीपुढं जमिनीवर बसली. "मी नाई व माय तुझी चिन्नी. मी रत्ना. पिंपळटोल्याची."

म्हातारीनं ऐकलं नाही. तिनं मावशीचा डावा हात ओढून घेतला, मनगट उजेडाकडे वळवलं आणि गोंदण शोधायला लागली. मावशीच्या मनगटावर काही नव्हतं. म्हातारीनं आपला अंगठा जिभेला लावला आणि तिथं चोळलं. नाटकवाल्या बाया अंगाला पांढरं फासतात, गोंदण झाकतात, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असणार. तिनं पुन्हा अंगठा ओला केला, पुन्हा चोळलं. मावशीची कातडी लाल झाली तरी तिनं हात मागं घेतला नाही. शेवटी म्हातारीचाच हात थांबला. "नाई," ती म्हणाली. आणि पळसाच्या पानाचं ते गाठोडं उचलून तिनं परत आपल्या पदरात घेतलं.

मावशी उठली, जीपकडे गेली आणि तिनं भाऊंच्या सीटवरचा माइक उचलला. "बाई, काय करून राह्यल्या?" भाऊ धावले. ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती, आणि अख्ख्या झाडीत नाटकाच्या शेवटच्या अंकात खलनायकांना गारद करत आलेली होती. भाऊ थांबले.

"मी रत्ना," तिचा आवाज भोंग्यातून गावभर गेला. "पिंपळटोल्याच्या मारोतीची लेक. ह्या गावची कोणाचीच लेक नाई मी. ज्याची पोर गेली आहे त्यानं मले पाहाले येऊ नोका. तुमाले लबाडी करून बोलावलं. नाटक पाहायचं असन तं नाटकासाठी या." मग तिनं मला हाक मारली. "शालू, इकडं ये. त्या मायले विचार, तिची पोर कशी आहे ते. आणि लिही."

मी म्हातारीजवळ बसून विचारलं. रंग काय, उंची काय, असं मी विचारत होते आणि तिला त्यातलं काही सांगता येत नव्हतं. मग मी विचारलं, ती हसते कशी? म्हातारीनं मान एका बाजूला वळवून दाखवलं. चालते कशी? सगळ्यांच्या पुढं. मी मिळाला त्या कागदावर, आमच्याच पत्रकाच्या पाठीवर, लिहीत गेले. खांब रोवणारे हातातली कामं सोडून उभे होते. मी माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला.

"चिन्नी नावाची पोरगी. मिरची तोडायले गेली. डाव्या मनगटावर गोंदण, डाव्या भुवईत विळ्याची खूण आहे. हसते तं तोंड वळवून हसते. रस्त्यानं सगळ्यायच्या पुढं चालते. टेम्पोत बसाले भेते, जाताना रडत गेली. कोणाले दिसली असन तं तिले सांगा, माय वाट पाहून राह्यली. रागावणार नाई. काई विचारणार नाई."

त्यात एकही खोटा शब्द नव्हता. म्हातारी तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं माझ्या कोपराला धरलं. "एक डाव अजून," ती म्हणाली.

"बॅटरी उतरून जाईन," भाऊ म्हणाले. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी वाचलं. म्हातारी भोंग्याकडे बघत होती. भोंग्याचं तोंड गावाकडे, बाजाराकडे होतं. तिनं मान हलवली, हात उचलला आणि उलट्या बाजूला, टेम्पो गेला होता त्या रस्त्याकडे दाखवला.

"तिकडं फिरव," ती म्हणाली. "पोर तिकडं गेली."

मावशी जीपच्या टपावर चढली. तिनं दोरी सोडली आणि भोंगा फिरवून तिकडे बांधला. त्या बाजूला घर नव्हतं, माणूस नव्हता, नुसतं जंगल होतं. मी कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.